राक्षस कुणी मारला?

ख्रोमिओस गवई मोठा बेरकी. समुद्रातल्या राक्षसाच्या वधाचं ते लांबलचक जुनं काव्य आता त्याच्याखेरीज कुणालाच येत नव्हतं, तेव्हा त्याला पकडणार कोण? पारोस बेटावर तो गायला की राक्षसाला पारोसकरांचा पूर्वज मारी, नाक्सोसला नाक्सोसकरांचा आणि आंद्रोसला आंद्रोसकरांचा. ज्याचा पूर्वज, त्याच्याकडून बकऱ्याची तंगडी आणि बुधलाभर दारू. चाळीस वर्षं असं मजेत चाललं होतं.

यंदा मात्र देलोस बेटावरच्या जत्रेत पुजाऱ्यांनी लेखनिक बसवला. म्हातारा गेला की काव्यही जाईल, म्हणून सगळं उतरवून घ्यायचं ठरलं होतं. ऐकायला तिन्ही बेटं लोटली.

"आमच्या पूर्वजाचं नाव जरा ठळक काढा हो," पारोसचा एक तेलवाला लेखनिकाला म्हणाला.

"तुमचा पूर्वज? तो तर आमच्याकडे शेळ्या राखायला होता!" नाक्सोसची एक म्हातारी फणकारली.

ख्रोमिओसला दरदरून घाम फुटला. त्याची बायको क्लेओनी पाणी घेऊन आली.

"अहो, आता कुणाचं नाव घेणार?"

"गुरुजींनी शिकवलं तेच. खरं नाव घेतलं की कुणाला बोलायला जागा नाही."

"सुचलं एकदाचं शहाणपण!"

काठी उंचावून त्याने सुरुवात केली. वादळ झालं, जहाज फुटलं, राक्षस पाण्याबाहेर आला. लेखनिकाचा बोरू सरसर धावत होता. वीराने भाला उचलला आणि ख्रोमिओस थांबला. पारोसचं नाव जिभेवर आलं, नाक्सोसचं आलं, आंद्रोसचंही आलं. गुरुजींनी शिकवलेलं नाव तेवढं काही येईना. गुरुजींचा आवाज आठवला, त्यांचं खोकणंसुद्धा आठवलं.

"मारला कुणी?" लेखनिकाने विचारलं.

तिन्ही बेटं एकदम ओरडली. कुणीतरी कुणाला तरी अंजीर फेकून मारलं.

"अहो, घ्या की कुठलंही एक!" क्लेओनी कुजबुजली.

कुठलंही चाललं असतं. पण ते गुरुजींच्या काव्यात कायमचं लिहिलं जाणार होतं. खोटं नाव घ्यायला चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्याची जीभ रेटेना.

"विसरलो," तो म्हणाला.

"तुमच्या गलक्यानेच म्हातारा गोंधळला!" असं म्हणत तिन्ही बेटं एकमेकांवर तुटून पडली. लेखनिकाने बोरू पुसून ठेवला. ख्रोमिओस काठीवर कपाळ टेकून रडत होता.