देवाला बोललेली कोंबडी

देवाजीची धानोऱ्याकडच्या एका जंगलगावात लाकूड डेपोवर चौकीदार म्हणून बदली झाली, तेव्हा १९८४ साल निम्मं सरलं होतं. त्याची बायको रुखमाबाई सावली गावची. माहेरी धान पिकायचं, पण कोंबड्या कुणी पाळल्या नव्हत्या. इथे क्वार्टरच्या मागे मोकळं अंगण होतं, दिवस मोठा होता, आणि सरकारी योजनेत पांढऱ्या कोंबड्या मिळत होत्या. देवाजीने चार आणल्या.

अंडी त्या भरपूर देत, पण अंड्यांवर बसत नसत. अंडं घालायचं, आरडाओरडा करायचा आणि उकिरड्याकडे चालू लागायचं. रुखमाबाईला पिल्लं हवी होती. तिने तणसाचं घरटं करून त्यात अंडी ठेवून पाहिली. कोंबड्यांनी त्यातली दोन फोडून खाल्ली.

कुंपणापलीकडे सोमारी ही गोंड म्हातारी राहायची. तिची तांबडी कोंबडी खुडूक झाली होती, अंडी उबवायला आली होती. अंग फुगवून कोपऱ्यात बसून राही, कुणी जवळ गेलं की गुरगुरे. सोमारीचा कोंबडा तर कुंपण मानतच नव्हता, दिवसभर पांढऱ्या कोंबड्यांतच असे. तेव्हा अंड्यांत जीव धरेल याची सोमारीला शंका नव्हती.

रुखमाबाईने खुडूक मागितली. सोमारी लगेच हो म्हणाली नाही. उन्हाळ्यात तिचा नातू तापाने पडला होता, तेव्हा तिने ही कोंबडी नवसाची म्हणून गावदेवाला बोलली होती. नवं धान खायच्या सणाला ती द्यायची होती. सण अजून लांब होता, तोवर पिल्लं निघतील असा विचार करून तिने ती अर्ध्यावर दिली. जितकी पिल्लं जगतील त्यातली अर्धी तिची.

“पण सणाले मले वापस पायजे,” ती म्हणाली. “ते माझी नाई, देवाची हाय.”

रुखमाबाईने कबूल केलं. तिच्या बापाने छप्पन साली बौद्ध दीक्षा घेऊन घरातले देव नदीत सोडले होते, आणि तिचं त्यावाचून काही अडलं नव्हतं. पण शब्द दिला तो दिला.

सोमारीने टोपलीत खाली राख पसरली, वर तणीस घातलं आणि अंडी मांडून दिली. कोंबडी दिवसातून एकदा उठे, दाणापाणी घेई आणि घाईने परत येई. तिला यायला उशीर झाला की रुखमाबाई चूल सोडून बघायला जाई. देवाजी हसे.

त्या साली हलकं धान लवकर आलं आणि गावाने सण अलीकडे घेतला. पिल्लं निघायला एखाद-दुसरा दिवस राहिला असेल. सकाळी झिंगू अंगणात आला. गावदेवाची पूजा त्याच्याकडे होती. सोमारी त्याच्या मागे उभी होती, आणि ती रुखमाबाईकडे बघत नव्हती.

देवाजीने बायकोला बाजूला घेतलं. देऊन टाक, त्यांच्या देवाच्या भानगडीत आपण पडू नये, याच लोकांत राहायचं आहे, असं तो म्हणाला. रुखमाबाई आत जाऊन टोपलीजवळ बसली आणि कोंबडीच्या पोटाखाली हात घातला. कोंबडीने मनगटावर चोच मारली. तिने तिला पंखांसकट धरून उचललं, बाहेर आणलं आणि झिंगूपुढे केलं.

मागे टोपलीतून चिवचिव ऐकू येत होती, अगदी बारीक, अंड्याच्या आतली. कोंबडी हातातूनच घशात क्लक क्लक करून त्या चिवचिवीला उत्तर देऊ लागली.

झिंगूने हात पुढे केला नाही. आत जाऊन त्याने वाकून बघितलं. एका अंड्याला आतून टोचा पडला होता. बाहेर येऊन तो सोमारीशी गोंडीत बोलू लागला. दोघं बराच वेळ बोलली. रुखमाबाईला त्यातलं ‘कोर’ म्हणजे कोंबडी, एवढंच कळलं.

मग सोमारी तिच्याकडे वळली. “बसव तिले. अंडे थंडे होऊन राह्यले.”

“आन् देवाचं?”

“देवाले सांगीन मी. आज कोंबडा जाईन.”

कोंबडा पकडायला वेळ लागला. पांढऱ्या कोंबड्यांतून तो पुन्हापुन्हा निसटला. शेवटी झिंगूनेच धरला.

दुसऱ्या दिवशी पिल्लं निघाली. काही अंडी तशीच राहिली, ती रुखमाबाईने पुरून टाकली. सोमारीने वारुळाचं एक ढेकूळ आणून अंगणात आपटलं, आणि सांडलेली वाळवी टिपायला पिल्लांनी फार वेळ घेतला नाही. एक घारीने नेलं. एक पाण्याच्या परातीत बुडून मेलं, तेव्हापासून परातीत खडे टाकले जाऊ लागले. उरलेली थोडी मोठी झाल्यावर दोघींनी वाटून घेतली आणि तांबडी कोंबडी आपल्या अंगणात परत गेली. कोंबडा आता कुणाकडेच नव्हता. वाटणीतल्या पिल्लांतून एक कोंबडा तयार होईपर्यंत रुखमाबाईची सगळी अंडी खाण्यातच गेली.

पुढच्या साली सणाला तांबडी कोंबडी देवाला गेली. झिंगू तिला नेत होता तेव्हा रुखमाबाई कुंपणाशी उभी होती. तो दिसेनासा झाला तरी ती थोडा वेळ तिथेच राहिली.

संध्याकाळी सोमारीने पळसाच्या पानात त्या कोंबडीचा वाटा आणून दिला. रुखमाबाईने तो देवाजीला वाढला आणि स्वतः वरणभात घेतला. सोमारीने कारण विचारलं नाही. ती दारातच बसून धानाचं, नातवाच्या शाळेचं बोलत राहिली. अंधारायला लागलं तशी रुखमाबाई कोंबड्या कोंडायला उठली.