गवताखालचं बीळ

बिळाचं तोंड दिसलं तेव्हाच ते कशाचं आहे हे लोवेल हॅस्केटला कळलं होतं. वर कमान, खाली सपाट. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातल्या टूसॉनमध्ये ज्याचा जन्म गेलाय त्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. उंदराचं बीळ गोल असतं, कासवाचं असं.

जानेवारीचा दुसरा आठवडा होता. घरामागच्या एवढ्याशा अंगणात एफ्रेन आणि त्याची दोन माणसं कृत्रिम गवताचं मैदान करायला आली होती. मैदान कसलं, जेमतेम तीस फूट लांब, अठरा फूट रुंद, एका टोकाला गोलची जाळी. लोवेलची बारा वर्षांची मुलगी मार्ली शाळेच्या फुटबॉल संघात गोलरक्षक होती. घटस्फोट झाल्यापासून ती एक आठवडा आईकडे, एक आठवडा बापाकडे असायची. पण हल्ली बापाचा आठवडा आला की काहीतरी कारण निघायचं आणि ती आईकडेच राहायची. "तुझ्या अंगणात नुसती खडी आहे बाबा, झेप घेतली की गुडघे सोलतात," असं ती सहज बोलून गेली होती. लोवेलनं ते मनाला लावून घेतलं. पुढच्या शुक्रवारी मैदान तयार असेल, असा शब्दच देऊन बसला.

एफ्रेन भिंतीच्या कोपऱ्यात उकिडवा बसला. "साहेब, इथं कोणीतरी राहतंय."

"उंदीर असतील."

"उंदीर?" एफ्रेननं भिंतीच्या पायाकडे बोट दाखवलं. पावसाच्या पाण्यानं तिथली माती वाहून भगदाड पडलं होतं. पलीकडे शेजारच्या ब्राकामोंटेबाईंचं अंगण. "त्या बाईंकडे कासव आहे ना? माझ्या मावशीचंही असंच सटकायचं. थंडीत एकदा बिळात शिरलं की मार्चपर्यंत हलत नाही. ते आत असेल तर आपल्याला थांबावं लागेल. बाईंना विचारून येऊ का?"

"मी विचारलंय," लोवेल म्हणाला. "त्यांचं त्यांच्याकडेच आहे. बुजवा तुम्ही."

त्यानं विचारलं नव्हतं. एफ्रेन त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. मग उठून हात झटकत म्हणाला, "अंगण तुमचं."

बिळाच्या तोंडात चार फावडी माती गेली, वर बारीक खडी पसरली आणि दुपारभर ती दाबणारं यंत्र धडधडत राहिलं. स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या लोवेलला पायांत हादरे जाणवत होते. अजून थांबवता येईल, असं त्याला दोनदा वाटलं. दोन्ही वेळा तो कॉफी ओतून घेत तिथंच उभा राहिला.

शुक्रवारी मार्ली आली, दप्तर दारातच टाकलं आणि हिरव्यागार गवतावर तिनं आडवी झेप घेतली. तो आठवडा ती राहिली. पुढच्या दोन्ही वेळी कारण न सांगता आली. बीळ रिकामंच असणार, असं लोवेल स्वतःला सांगत राहिला. पण त्या कोपऱ्यावर त्याचा पाय कधी पडला नाही. चेंडू तिकडे गेला की म्हणायचा, "मार्ली, तूच आण गं."

मार्चअखेरीला ओफेलिया ब्राकामोंटे दारात आली. वय सत्तरीच्या पुढे, तीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई. खुद्द लोवेलला तिनं शाळेत सोडलं होतं.

"लोवेल, माझा तोमास अजून वर आला नाही रे. त्याच्या बिळात बॅटरी मारून बघितलं, नाहीये. तुझ्या बाजूला आला होता का?"

"नाही हो. दिसला नाही."

"सव्वीस वर्षं आहे माझ्याकडे. जास्वंद दाखवली की धावत येतो. धावत म्हणजे त्याच्या मानानं." ती हसली, पण चेहऱ्यावर ते टिकलं नाही.

"मी येते शोधायला," मागून मार्ली म्हणाली.

मार्लीनं पत्रकं तयार केली आणि चार दिवस दोघी गल्लीगल्लीत खांबांवर चिकटवत फिरल्या. आपल्या फाटकावरही एक लावू, ती म्हणाली, आणि चिकटपट्टी लोवेलच्या हातात दिली. त्यानं ती तोडून तोडून तिला दिली.

रविवारी सकाळी खाता खाता मार्ली म्हणाली, "त्यांना वाटतंय भिंतीखालून गेला असेल कुठंतरी. आपल्याकडे असता तर काम करणाऱ्यांना दिसलाच असता ना, बाबा?"

लोवेलनं काटा खाली ठेवला आणि तो बाहेर गेला. पहारीनं त्यानं कडेचे खिळे उपटले, गवत गालिच्यासारखं मागं दुमडलं आणि कुदळ चालवायला लागला. दाबलेली खडी सिमेंटसारखी घट्ट झाली होती. मार्ली दारात येऊन उभी राहिली. खाली भुसभुशीत माती लागली तसा तो गुडघ्यांवर बसून हातांनी उकरू लागला. खांद्यापर्यंत हात आत गेला तेव्हा बोटांना कवच लागलं.

तोमास जिवंत होता. डोळे मिटलेले, मान सुकून दोरीसारखी झालेली. पुढच्या पायांची नखं माती खरवडून मुळापर्यंत झिजली होती. तो कधीच जागा झाला होता.

पलीकडे ओफेलियानं पसरट भांड्यात कोमट पाणी भरलं आणि त्याला त्यात ठेवलं. बऱ्याच वेळानं त्यानं तोंड पाण्याला लावलं. तेव्हा कुठं ती वळली.

"कुठं होता?"

"माझ्या मैदानाखाली."

"तुला माहीत होतं?"

मार्ली शेजारीच उभी होती. नाही म्हणणं फार सोपं होतं.

"हो," लोवेल म्हणाला. "जानेवारीपासून. काम करणाऱ्यांनी तुम्हाला विचारू का म्हटलं, मीच नको म्हणालो. तुम्ही आलात तेव्हाही खोटं बोललो."

ओफेलिया खुर्चीत बसली. "बसमध्ये तुला उलटी झाली की मी पुसायचे," ती हळूच म्हणाली. "जा आता. मला तुझ्याकडे बघवत नाही."

पुढं तोमास वाचला, पण पूर्वीसारखा चालेना. लोवेलनं भिंतीखालचं भगदाड विटांनी बुजवलं, डॉक्टरकडे न्यायला गाडी पुढं केली. ओफेलियानं गाडी घेतली, लोवेलला बरोबर घेतलं नाही. मार्ली मात्र इथं असली की रोज पलीकडे जायची. भिंतीवरून दोघींचं बोलणं ऐकू यायचं, मधूनच हसणंही. लोवेल अलीकडे उभा राहून ऐकायचा, आणि मार्लीची पावलं वाजली की आत जायचा.

एका संध्याकाळी ती परत आली आणि दुमडलेल्या गवताच्या कडेवर बसली.

"बाबा, अजून कशाबद्दल खोटं बोललायस तू? माझ्याशी? आईशी?"

लोवेल तिच्या शेजारी उघड्या मातीवर बसला.

"आहेत एकदोन गोष्टी," तो म्हणाला. "वेळ लागेल."

"मला कुठं जायचं नाहीये," मार्ली म्हणाली.