बाहेरून आरसा

मी एक जुनी काच आहे. डबे बनवणाऱ्या एका कंपनीत बैठकीच्या खोलीला एका बाजूने भिंत नाही, तिथे मी आहे. मित्रांनो, माझा जन्म भट्टीत वितळलेल्या वाळूतून झाला. पुढे माझ्या अंगावर एक चकचकीत थर चढवला, खोली उन्हाने तापू नये म्हणून. त्यामुळे मी आतून खिडकी आणि बाहेरून आरसा. मला बसवले त्या दिवशी कंपनीचे मालक माझ्यासमोर उभे राहून भांग नीट करून गेले. तेवढेच माझे कौतुक.

मग वर्षानुवर्षे मी बैठका ऐकल्या. एवढी शिकलेली माणसे इतका वेळ बसून इतके थोडे कसे ठरवतात, हे मला आजवर कळलेले नाही.

एकदा मोठ्या गिऱ्हाइकाने विचारले, की तुमच्यामुळे झाडे, पक्षी, किडे यांचे काय नुकसान होते आणि ते कमी करायची योजना काय? मालकांची भंबेरी उडाली. त्यांनी आपल्या भाचीला नोकरीवर घेतले. ती हेच शिकून आली होती.

"मामा, आधी आपण काय काय मारतो ते बघू," ती पहिल्याच बैठकीत म्हणाली. "मग ते थांबवू. थांबत नाही ते कमी करू. झाडं लावायची ती सगळ्यात शेवटी."

"अगं, मग फोटो कशाचा काढायचा?"

सगळ्यांच्या माना डोलल्या. झाडे आधी लागली, तीही नेमकी माझ्यासमोर. शेजारी एक तळे. आता माझ्यात तशीच दुसरी बाग दिसू लागली. तिच्यात शिरायला पक्षी भरवेगाने येत आणि माझ्यावर आपटून मरत. मित्रांनो, निसर्ग वाचवण्याच्या नावाखाली या शहाण्यांनी मला मारेकरी केले. मला त्यांची शिसारी आली.

भाची रोज सकाळी मेलेले पक्षी उचलून पुरायची. "काचेवर बाहेरून पांढरे ठिपके काढू या," ती म्हणाली. "जवळजवळ काढले की पक्ष्यांना कळतं, इथे वाट नाही."

"गोवर आल्यासारखी दिसेल ती!" मामा म्हणाले. मग मोठ्या मनाने त्यांनी परवानगी दिली, पण ठिपके आतून आणि एकाच कोपऱ्यात, पाहुण्यांना दिसतील असे. पक्षी काही आत बैठकीला येत नाहीत, हे भाचीशिवाय कोणाच्याच डोक्यात आले नाही. तिने ते सांगितलेही, पण तोवर बिस्किटे आली होती.

योजना जाहीर करायला गिऱ्हाइकाची माणसे बोलावली. टाळ्या चालू असतानाच तळ्यावरून एक निळा खंड्या सुटला तो थेट माझ्यावर. धप्प!

"वारा आहे जरा," म्हणत मामांनी पडदा ओढला.

भाची उठली. कोठीतून रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन बाहेर आली, खंड्याला उचलले आणि माझ्यावर ठिपके काढायला लागली. मामा तणतणत मागे आले.

"काय चाललंय हे? लोक बसलेत आत! उद्यापासून येऊ नकोस तू!"

"नाही येणार. पण ही काच पुरी करून जाते. हे जरा धरा." तिने खंड्या त्यांच्या हातात दिला. तो मेला होता, पण अजून गरम होता. मामांना तो टाकवेना की धरवेना.

एवढ्यात पाहुणे कॅमेरा घेऊन बाहेर आले. "वा! ही कल्पना कोणाची?"

मामांनी झटकन हात पाठीमागे नेला आणि हसून म्हणाले, "आमचीच!" फोटो निघाला. पाहुण्यांना पुढचे सगळे भाचीशीच बोलायचे होते, म्हणून तिची नोकरी वाचली. ठिपके पुरे झाले आणि पक्ष्यांचे माझ्यावर आपटणेही थांबले.

तो फोटो योजनेच्या मुखपृष्ठावर छापला आहे. छापण्याआधी मामांनी त्यात फक्त स्वतःचा चेहरा पाहिला. मित्रांनो, झाडे जरूर लावा, पण आधी बाहेर येऊन आपल्या भिंतीवर कोण आपटून मरते ते बघा. आणि अशी योजना हाती आली, तर मुखपृष्ठावरचे हसू बघून टाळ्या वाजवू नका. माणसाच्या मागे काय आहे ते बघा. मामांच्या मागे मी आहे. माझ्यात त्यांची पाठ दिसते, पाठीवरची मूठ दिसते, आणि मुठीतून लोंबणारा निळा पंख.