तीन वर्षांना सहा दिवस कमी

गेल्या महिन्यात अनघाला एक मोठा शोध लागला होता: आपण ताठ उभं राहून बोललो की माणसं ऐकतात! शाळेच्या वादविवाद स्पर्धेत तिने पहिला नंबर पटकावला आणि तेव्हापासून परदेशातल्या त्यांच्या क्लेमेंटी भागातल्या फ्लॅटमध्ये साधं मीठ हवं असलं तरी ती मुद्दे मांडून मागायची.

त्यामुळे सप्टेंबरातल्या पहिल्या शुक्रवारी बाबा नोकरी संपल्याचं पत्र घेऊन घरी आले, तेव्हा अनघा लगेच कामाला लागली.

अठ्ठ्याण्णव साल होतं. बाबांचा आंग मो किओ भागातला कारखाना जूनपासून आठवड्याला चारच दिवस चालत होता, पगारही तेवढाच. बाबा तिथे मशीन दुरुस्त करायचे. आता अठरा सप्टेंबर हा त्यांचा शेवटचा दिवस.

"शेजारच्या स्मिताच्या भावाची ऑस्ट्रेलियात नोकरी गेली, तर सरकार पैसे देतंय त्याला," दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी चिरता चिरता आई म्हणाली. "आपल्याला नाही का देत कोणी?"

"इथे सरकार नाही देत लाह," अनघा इथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावत म्हणाली. "इथे कंपनी देते. बाबांच्या कंपनीत दर वर्षामागे एका महिन्याचा पगार. पण सलग तीन वर्षं झालेली हवीत. चार दिवसांचा आठवडा असला तरी नोकरी सलगच धरतात, मी विचारून ठेवलंय."

आईची सुरी थांबली.

"तीन वर्षं? अनू, हे घटस्थापनेला रुजू झाले होते. पंचवीस सप्टेंबरला."

तिघांनाही ते आठवत होतं. पंच्याण्णवला कंपनीने बाबांना अकरा सप्टेंबरला बोलावलं होतं आणि आईने कालनिर्णय पाहून कपाळाला हात लावला होता. ऐन पितृपक्षात नवी नोकरी? छे! पंधरा दिवस थांबा म्हणून सांगा त्यांना. बाबा 'बघतो' म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी 'कंपनी थांबायला तयार आहे' असं सांगत आले. आईने त्या खुशीत शिरा केला होता.

अनघाने बोटांवर हिशेब केला. अठरा ते चोवीस. सहा दिवस कमी.

"माझ्यामुळे," आई एवढंच म्हणाली आणि पदराने डोळे पुसायला लागली. बाबा उठून खिडकीपाशी गेले आणि बाहेरच्या बांबूवर वाळत घातलेले कपडे उगाचच पुन्हा झटकून घालू लागले.

अनघाला आईचं रडणं मुळीच बघवेना. तिने वही ओढली आणि अर्ध्या तासात इंग्रजीतून असं झकास पत्र लिहिलं, की परीक्षक असते तर उभे राहिले असते!

"ऐका! 'माझे वडील आमच्या धार्मिक प्रथेमुळे अकरा तारखेऐवजी पंचवीस तारखेला रुजू झाले. केवळ सहा दिवसांसाठी एका प्रामाणिक माणसाला...' सोमवारी सुट्टीच आहे मला. मी स्वतः येते तुमच्या ऑफिसात, नोकरभरतीचं बघणाऱ्या मिस लिमच्या हातात देते."

"नको!" बाबा इतक्या जोरात ओरडले, की हातातला बनियन दहाव्या मजल्यावरून खाली गेला. "ते पत्र अजिबात द्यायचं नाही!"

"का पण?"

"कारण ते खोटं आहे." बाबांनी आईकडे बघायचं टाळलं. "मी अकरालाच रुजू झालो होतो."

कुकरची शिट्टी झाली. कोणी उठलं नाही.

"कंपनी थांबणार नव्हती, प्रेमा. अकराला आलात तर ठीक, नाहीतर दुसरा माणूस तयार आहे म्हणाले. तेच सांगायला घरी आलो होतो. पण तू दारातच म्हणालीस, तुम्ही माझं ऐकलंत ना? मग माझी जीभच उचलेना."

"आणि ते पंधरा दिवस?" आईने विचारलं. "तुम्ही तर रोज ईस्ट कोस्टला समुद्रकाठी चालायला जात होतात. नोकरी लागली की व्यायाम होणार नाही म्हणून."

"बूट घालून निघायचो खरा. कारखान्याचा शर्ट पिशवीत. स्टेशनवर बदलायचो."

अनघाला आठवलं. तेव्हा ती बारा वर्षांची होती. बाबा संध्याकाळी दमून यायचे आणि आई कौतुकाने म्हणायची, किती चालता हो! मग सोफ्यावर बसून...

"पंधरा दिवस," आई हळूहळू उभी राहिली, "मी तुमचे पाय तेलाने चोळत होते, पद्माकर?"

आईने बाबांना नावाने हाक मारलेली अनघाने जन्मात ऐकली नव्हती. बाबांनीही बहुधा नसावी.

अनघा घाईघाईने मध्ये पडली. "आई, पहिला मुद्दा! बाबांनी तुझं ऐकलं असतं, तर आज काही मिळालं नसतं. दुसरा मुद्दा, अकरा तारीख म्हणजे तीन वर्षं पूर्ण होऊन वर आठ दिवस..."

"तू गप्प बस, वकीलबाई." आई बाबांकडे वळली. "मिळणार ना नक्की?"

"मिळणार. नेमणुकीचं पत्र कपाटात आहे. तुझ्या साड्यांच्या खाली लपवलंय."

आई स्वयंपाकघरात गेली. भांडं आदळल्याचा आवाज आला. मग ती खोबरेल तेलाची वाटी घेऊन बाहेर आली. टेबलाला डाग पडू नये म्हणून तिने अनघाचं ते झकास पत्र पालथं घातलं, त्यावर वाटी ठेवली, सोफ्यावर बसली आणि दोन्ही पाय बाबांच्या मांडीवर टाकले.

"पंधरा दिवस," ती म्हणाली. "आजपासून मोजा."