डुकराच्या मुंडक्याचा मान

“हे कुणीच खरं मानणार नाही,” दाढीचे चार केस कुरवाळत थुओककाका म्हणाले, “पण फ्रेंचांचं दिएन बिएन फूचं ठाणं मी एकट्यानं घेतलं. एका सायकलीच्या जोरावर!”

गावदेवाच्या देवळात पुरुषमंडळी चटया टाकून बसली होती. भात घरात आला होता, फ्रेंच हरले होते आणि केळीच्या पानावर उकडलेल्या डुकराचं मुंडकं वाफाळत होतं. मुंडकं ज्याच्या पुढ्यात, त्याची वरची चटई, ती मरेपर्यंत. इतकी वर्षं हा मान फ्रेंचांनी नेमलेल्या मुखियाचा होता. तो फ्रेंचांच्या पाठोपाठ पळाला तेव्हा त्याचा एक जोडा चिखलात राहिला, तो अजून कुणी उचललेला नाही. आता लढाईत ज्यानं सगळ्यात जास्त केलं, त्याला मुंडकं द्यायचं असं वडीलधाऱ्या क्वीआजोबांनी ठरवलं होतं.

थुओककाकांचा जन्म दाराजवळच्या चटईवर गेला. त्यांच्या वाटेला यायची ती शेपटी, तीही चोखलेली. आज नाही तर कधीच नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

“चारी बाजूंना डोंगर, आणि गोरे शहाणे वाडग्यातल्या माशीसारखे मधोमध! का, तर म्हणे या डोंगरांवर तोफ चढवणं आपल्या बापजाद्यांनाही जमायचं नाही. विमानातून त्यांना दारू पडायची, चीज पडायचं. अक्कल तेवढी टाकायची राहिली.”

देऊळ खदखदलं. काकांना चेव आला.

“मी सायकलीवर चारशे किलो तांदूळ लादला. ढकलताना वळवता यावी म्हणून हँडलला बांबू बांधला. टायर टिकावेत म्हणून विजार फाडून आत घातली.”

“म्हणजे ठाणं उघड्यानंच घेतलंत, काका?”

“गप रे! अर्धी विजार होती. शेवटच्या उतारावर सायकल सुटली. काटेरी तारा तोडत थेट गोऱ्यांच्या बड्या साहेबाच्या भुयारात! पोती फुटली, साहेब गळ्यापर्यंत तांदळात. म्हणतो कसा, ‘मेहेरबान, शरण आलो, हात वर करायचेत, पण निघत नाहीत हो!’”

क्वीआजोबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. हसत हसतच त्यांनी केळीचं पान पुढं सरकवलं. काका वरच्या चटईवर सरकले. मुंडक्याचा कान त्यांनी चिमटीत धरलासुद्धा.

दारात न्हायवहिनी रश्श्याची वाडगी घेऊन उभी होती. बायकांना तिथं चटई नव्हती. रसद वाहणाऱ्या टोळीत मात्र ती काकांच्याच सायकलीला जोडीदार होती.

“भावजी,” ती म्हणाली, “आपल्या टोळीनं तांदूळ डोंगरातल्या गोदामात उतरवला ना? तिथून ते ठाण्याचं खोरं अजून आठ दिवसांच्या वाटेवर होतं. पुढं गेली ती दुसरी टोळी.”

“मी... मी एकटाच पुढं गेलो.”

“तुम्ही?” तिनं वाडगी खाली ठेवली. “गोदामापर्यंत सायकल ढकलली मी. हिवतापानं कुडकुडत वरच्या पोत्यावर जो माल पडला होता, तो तुम्ही होतात!”