अणदुरात उमटलेले खिळे

त्या रविवारी अणदुरात खंडोबाच्या देवळापेक्षा पंचाक्षरी वाण्यांच्या ओसरीवर जास्त गर्दी होती. मसीहानंद बाबा बोलत होते.

"येशू सुळावर संपला नाही, बाळांनो! पुन्हा जन्मला. एकदा धनगराच्या घरी, एकदा कोष्ट्याच्या. त्याचे सोबतीही जन्मले, इथंच, तुमच्यात!"

"आन या खेपेला येशू कोण?" कुणीतरी विचारलं. बाबा स्वतःच्या तळहातांकडं पाहून लाजले.

नळदुर्गचे एक ख्रिस्ती कंपाउंडर म्हणाले, "आमच्या शास्त्रात पुनर्जन्म नाही."

"होता! ते पान गोऱ्यांनी फाडलं."

निजामाच्या अमलात गोऱ्यांवर खापर फोडायला काय जातं? लोकांनी टाळ्या पिटल्या.

मग पुरावा. देवदर्शन करून आलेले लोक हात पुढं करत. बाबा कमंडलूतलं तीर्थ टाकत आणि तळहातावर रक्तासारखा डाग उमटे. "खिळ्याची खूण! तू तिथं होतास!"

पंचाक्षरींच्या हातावर खूण उमटली. भंडारा विकणाऱ्या महादेवीच्या हातावर तर सगळ्यांत लाल. तिचा नवरा हैदराबादेला गेला तो परतलाच नव्हता. बाबांनी डोळे मिटले. "तुम्ही दोघं त्या जन्मी नवराबायको. पुढच्या रविवारी हिला घरात घ्या."

पंचाक्षरींची या जन्मीची बायको नीलम्मा धावत पुढं आली. तिनंही हात पसरला. तो कोराच राहिला.

"नीले, त्या जन्मीचं नातं म्या कसं तोडू?" पंचाक्षरी म्हणाले.

"आन या जन्मीचं तोडायला हात कचरत न्हाय व्हय?"

नीलम्माच्या अंगाचा तिळपापड झाला. नवरा रोज भंडारा महादेवीकडूनच का घेतो, हे तिला कधीचं सलत होतं. बाबांचा मुक्कामही नीलम्माच्याच घरी. यजमानाची नजर कुठं घुटमळते हे ओळखायला अंतर्ज्ञान कशाला हवं? पण ते तिला सुचलं नाही. येशूनंसुद्धा सवतीचीच बाजू घेतली, एवढंच तिला दिसत होतं. महादेवीची चाल, महादेवीच्या बांगड्या आठवून ती जळत होती, आणि जळता जळता बाबांना तुपाची पोळी वाढत होती.

शेवटी तिनं खंडोबाला साकडं घातलं. तळहाताला भंडारा चोळून म्हणाली, "मलाबी खूण दे." घरी येऊन बाबांच्या विड्याला चुना लावायला बसली, तर हात लालभडक!

"उमटली! माझीबी उमटली!"

मग ती थबकली. तीर्थ तर घेतलंच नव्हतं. लागला होता तो चुना, आणि भंडारा म्हणजे हळद. हळदीत चुना घालून कुंकू करताना तिनं आईला कितीदा पाहिलं होतं. त्या रविवारी स्वयंपाकामुळं ती देवळात गेली नव्हती, हात धुतलेले होते, म्हणून कोरे. देवळातून आले ते सगळे येशूचे सोबती!

"मेल्या," ती पुटपुटली, "चुन्याच्या निवळीला तीर्थ म्हणून माझा संसार मोडतोस?"

रविवारी महादेवीला नवं लुगडं नेसवून बसवलं होतं. नीलम्मा परातभर भंडारा घेऊन आली, बाबांच्या पाया पडली आणि "येळकोट येळकोट जय मल्हार!" म्हणत तो त्यांच्यावर उधळला. मग त्यांचाच कमंडलू उचलून त्यांच्या डोक्यावर पालथा केला. पिवळी झालेली दाढी लाल झाली. कफनीही लाल झाली.

"बाबा, किती खिळे ठोकले वो तुमाला? दाढीतबी?"

लोक खदाखदा हसले. नीलम्मानं सगळी युक्ती सांगितली आणि घरी केलेली निवळी पुढं ठेवली. "साबणानं हात धुऊन या. एकाच्याबी हातावर खूण उमटली तर म्या सवत आणते!" कुणाच्याच हातावर उमटली नाही. तेवढ्यात बाबा परसातून पसार झाले. पंचाक्षरींना मान वर करवेना.

नीलम्मा धुमसतच महादेवीकडं वळली.

"आक्का," महादेवी म्हणाली, "गेल्या जन्मी म्या कुणाची व्हते, ते समद्यांनी ठरवलं. या जन्मी मला काय पायजे, ते एकानंबी इचारलं न्हाय."

 नीलम्मानंही विचारलं नव्हतं.

लोकहो, चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी तो कसा होतो ते करून बघा. आणि कुणी तुमचा गेला जन्म सांगू लागला, तर या जन्मी समोर बसलेल्या माणसाला काय हवं ते आधी विचारा.