ठराव क्रमांक चार

"माझ्या सहीशिवाय त्या डोंगरावरचा खडासुद्धा हलायचा न्हाई," असं म्हणून सरपंच दत्तोबांनी टेबलावर मूठ आपटली आणि चहाच्या कपाकडे हात नेला. मूठ उचलली तरी टेबल थरथरतच राहिलं. चहावर बारीक वर्तुळं उठली. पत्र्यावरून चिमूटभर माती सुटली आणि नेमकी कपात पडली.

ग्रामसेवक मच्छिंद्रने खिडकीतून डोंगराकडे बघितलं.

"अण्णा, ड्रिलिंग परवाच चालू झालंय. त्यांना वरची सही चालते."

"वरची म्हंजे कुणाची?"

"विचारलं मी. म्हणाले, गोपनीय आहे. गोपनीय का आहे विचारलं, तर तेही गोपनीय आहे."

दत्तोबांनी मातीसकट चहा पिऊन टाकला. पानसळवाडीत पाणी आठवड्यातून दोनदा टँकरनं यायचं. चहा ओतून देण्याची ऐपत सरपंचाचीही नव्हती.

गाव तसं भरभराटीला आलेलं. गच्चीवर उभं राहिलं की खराडीच्या काचेच्या इमारती चमकताना दिसायच्या. ज्वारीच्या रानात बावीस मजल्यांचे टॉवर उगवले होते. उगवलं नव्हतं ते फक्त पाणी. दोन वर्षांपूर्वी दत्तोबांनी एक पितळी नळ विकत आणला, प्रत्येक सभेत तो हातात धरून भाषण केलं आणि निवडून आले. तेव्हापासून नळ घरच्या कपाटात, धुतलेल्या फडक्यात गुंडाळून पडला होता.

सून हेमा बाळंतपणाला मार्केट यार्डाजवळ माहेरी गेली, ती परत आलीच नव्हती. भांडण नाही, तंटा नाही. "मामा, दाराशी नळ आला की त्या दिवशी येते," एवढंच म्हणाली होती. नात आता दीड वर्षाची झाली होती. आजोबा तिला माहीत होते ते मोबाइलमधले. ती मोबाइललाच आबा म्हणायची आणि बंद मोबाइलचेही मुके घ्यायची.

यंदा योजना मंजूर झाली. रस्त्याच्या कडेला निळे पाइप येऊन पडले. पोरं त्यात शिरून लपंडाव खेळू लागली. आणि नेमका याच वेळी कुणाला तरी शोध लागला, की पानसळवाडीच्या डोंगरात युरेनियम असावं.

विरोधाची ग्रामसभा मारुतीच्या मंडपात भरली. गावकरी आले, टॉवरवालेही आले. त्यांच्या सोसायटीच्या अध्यक्षा विजयमालाबाई स्वतःची खुर्ची घेऊन आल्या होत्या.

"आपला विरोध तीव्रच हवा," त्या म्हणाल्या. "फक्त तो शब्द मिनिट्समध्ये नको."

"कुठला शब्द?" मच्छिंद्रने पेन उचललं.

"तोच हो. उद्या कुणी गावाचं नाव सर्च केलं की शेजारी तो शब्द दिसणार. मग फ्लॅट कोण घेणार? आपण?"

"बाई बराबर बोलत्यात," गेनबा उठून म्हणाला. त्याच्या दोन एकरांना गुरुवारी गिऱ्हाईक यायचं होतं. "आन् आपल्यात सापाला साप म्हनत्यात का? लांबडं म्हनत्यात. नाव घेतलं की येतंय."

"ते आलंय की, गेनबा," दत्तोबा म्हणाले. "वर बसून भोकं पाडतंय."

"आलं आसंल. पर आपून बोलावलं असं नको."

सगळ्या सभेनं माना डोलावल्या. टॉवर आणि वाडी यांचं एकमत झालेलं गावानं पहिल्यांदाच पाहिलं.

ठराव क्रमांक तीन नळ योजनेचा होता: काम सुरू झाल्याबद्दल शासनाचे आभार. त्याच्या खाली मच्छिंद्रने लिहिलं, 'ठराव क्रमांक चार: सदर कामास ग्रामसभेचा तीव्र विरोध असून ते तात्काळ बंद करण्यात यावे.' लिहून तो थांबला.

"अण्णा, वरती नळाचं काम लिहिलंय. खाली नुसतं सदर काम. वाचणाऱ्यानं काय समजायचं?"

"आभार मानून कुणी लगेच विरोध करतं का?" विजयमालाबाई म्हणाल्या. "एवढी अक्कल असते हो सरकारी माणसाला."

दत्तोबांनी एकदा मच्छिंद्रकडे पाहिलं, एकदा सभेकडे. शब्द त्यांच्या ओठांवर आला होता. गेनबा त्यांच्याकडेच बघत होता. दत्तोबांनी पेनाचं टोपण काढलं आणि सही केली. सहीखालच्या दोन रेघा त्यांनी जरा जोरातच ओढल्या.

सरकारी कचेरीतून पानसळवाडीच्या पत्राला आजवर कधी चार महिन्यांच्या आत उत्तर आलं नव्हतं. या वेळी अकराव्या दिवशी ट्रक आला. सहा माणसं उतरली आणि निळे पाइप चढवू लागली. एका पाइपात पोरगं होतं, ते तेवढं काढून खाली ठेवलं.

दत्तोबा त्याच पायी पुण्याला कचेरीत गेले. साहेब जेवून आलेले होते. त्यांनी फाइल उघडून ठराव क्रमांक चारवर बोट ठेवलं.

"आपलं गाव आदर्श आहे. बाकीची गावं पाणी मागतात."

"साहेब, विरोध पान्याला न्हाई. डोंगरावरच्या कामाला हाय."

"यात डोंगर कुठे आहे?"

"न्हाई लिवला."

"काय काम चाललंय डोंगरावर?"

दत्तोबांनी मागे वळून दार नीट लागलंय का ते पाहिलं. मग टेबलावर वाकून हळूच सांगितलं.

"असं तोंडी नको," साहेब म्हणाले. "याच शब्दात नवा ठराव आणा. पाइप काय, दुसऱ्या गावाला जातील तोवर. पण फाइल इथेच आहे. ती कुठे जात नाही."

नवी ग्रामसभा बोलावली. दवंडी दिली, मोबाइलवर निरोप गेले. मंडपात मच्छिंद्र, दत्तोबा, दोन म्हातारे आणि एक कुत्रं एवढी गणपूर्ती झाली. विजयमालाबाईंनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं होतं, 'कृपया अनावश्यक पॅनिक पसरवू नये.' गेनबा मंडपावरूनच गेला, पण चप्पल काढली नाही.

"अण्णा, आता गप ऱ्हावा," तो बाहेरूनच म्हणाला. "गिऱ्हाईक पुढच्या गुरवारी परत येतंय."

त्याच आठवड्यात डोंगरावर सातव्या भोकाला पाणी लागलं. लागलं म्हणजे कसं, तर यंत्रावरच्या माणसाला उडवून बाजूला टाकून उसळलं. ड्रिलिंगवाल्यांची पंचाईत झाली. त्यांना पाणी नको होतं. त्यांनी बाटल्यांत नमुने भरून तपासायला पाठवले आणि यंत्र दुसऱ्या जागी सरकवलं. तोवर बायका हंडे घेऊन वर पोचल्या होत्या. मथुराबाईंनी तर नारळही नेला होता. बोअरला पाणी लागलं की नारळ फोडायचा, हळदकुंकू वाहायचं. बोअर कशासाठी मारलं होतं, हे हळदकुंकवाला काय ठाऊक!

"रिपोर्ट येईपर्यंत पिऊ नका," तिथला सुपरवायझर म्हणाला. "रिपोर्ट ग्रामपंचायतीला येईल."

"टँकरच्या पान्याचा रिपोर्ट कधी कुनी दिला व्हता का?" मथुराबाई म्हणाल्या आणि हंडा कमरेवर घेतला.

पाणी उताराचं होतं, मोटरसुद्धा नको. नुसता पाइप टाकला की गावात हजर. मन्सूर प्लंबर सरपंचांकडे माप घेऊन आला. दत्तोबा ओट्यावर बसून राहिले. त्यांनी दोन दिवस हो म्हटलं नाही, आणि नाहीही म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी बायको तुळजाबाईनं त्यांच्यापुढे तांब्या ठेवला.

"बघा तरी. निवळशंख हाय."

दत्तोबांनी तांब्यात डोकावून पाहिलं. तळाचा ठोक्याठोक्यांचा नक्षीदार घेर स्पष्ट दिसत होता. टँकरच्या पाण्यात तो कधी दिसला नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. हेमा होती.

"मामा, आई म्हणाल्या, नळ येतोय. खरं का?"

"व्हय."

"योजनेचं पाणी ना?"

पलीकडे नात मोबाइल ओढत होती. "आबा, आबा" असा आवाज आला आणि फोनवर ओला मुका घेतल्यासारखं काहीतरी वाजलं. दत्तोबांनी तांब्या पायानं जरा लांब सरकवला.

"पानी चांगलं हाय," ते म्हणाले. "या तुमी."

मग त्यांनी कपाटातून फडकं काढलं, नळ मन्सूरच्या हातात दिला. मन्सूरनं तो उलटसुलट करून पाहिला.

"सरपंच, दोन वर्षं नुसता पडून आहे हा. चावीचा स्क्रू गंजलाय. नवा आणू का?"

"हाच बसव."

"बसवतो. पण चावी हळू फिरवा."

रविवारी हेमा आली. टेम्पोतून पाळणा आला, पोतंभर कपडे आले, आणि नात आली. तिनं खऱ्या आबाकडे बघून भोकाड पसरलं. मोबाइल दाखवल्यावर गप्प झाली. तुळजाबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, नळाखालून लोटा भरला आणि सगळ्यांना पाणी दिलं. दत्तोबांनी आपला पेला तुळशीत ओतला.

नऊ दिवसांनी मच्छिंद्रने त्यांना ग्रामपंचायतीत बोलावून घेतलं. टेबलावर लिफाफा होता. तारीख दहा दिवसांपूर्वीची होती. पत्र आधी पानसळ नावाच्या दुसऱ्याच गावाला जाऊन आलं होतं.

"नमुना क्रमांक सात," मच्छिंद्रने वाचलं. "प्रमाण मर्यादेच्या सोळा पट. पिण्यासाठी, स्वयंपाकासाठी वापरू नये. लहान मुलांना तर अजिबात..." त्यानं पुढचं वाचलं नाही. "बोर्डावर लावू?"

"त्यो शब्द हाय का त्यात?"

"पहिल्याच ओळीत आहे, अण्णा."

दत्तोबांनी कागद घेतला, चार घड्या घालून खिशात ठेवला. खिशावर हात दाबून ते उठले आणि घराकडे चालू लागले. वाटेत गेनबा भेटला. गिऱ्हाइकानं जागा पसंत केली होती. पाणी जवळ आहे म्हणून.

घरासमोर नात नळाखाली बसली होती. पाण्याची धार तिच्या डोक्यावर पडत होती, ती तोंड उघडून ती धार पकडत होती आणि खिदळत होती. हेमा ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"बघा ना मामा, उठतच नाही. दुपारपासून तिथंच आहे."

दत्तोबा नळाजवळ गेले. त्यांनी नातीला एका हातानं बाजूला केलं. ती रडू लागली.

"काय झालं, मामा?"

त्यांचा हात खिशावर गेला, तिथं थांबला आणि खाली आला.

"कुटं काय," ते म्हणाले. त्यांनी नळाची चावी धरली आणि सगळा जोर लावून फिरवली.

चावी निघून त्यांच्या हातात आली. पाणी चालूच राहिलं.